पाणी कुठवर आलं होतं

आमच्या संस्थेच्या बॅनरवर 'बदलत्या हवामानात तग धरणारी शहरं' असं ठळक अक्षरांत लिहिलेलं आहे. नगररचनाकार, वास्तुविशारद, चार-दोन अभियंते आणि भूगोलाच्या एक प्राध्यापिका, अशी आम्ही वीस-बावीस माणसं. महिन्यातून एकदा लातूरला एका सदस्याच्या ऑफिसवरच्या हॉलमध्ये जमतो. लातूरकर पाणी नाही म्हणून बोलतात, आम्ही नांदेडकर पाणी घरात शिरतं म्हणून बोलतो. दोघांना एकमेकांचा थोडा हेवा वाटतो, असं मी एकदा बैठकीत म्हणाले, तर अध्यक्षांनी ते इतिवृत्तात घेऊ दिलं नाही.

मी मूळची देगलूरची. आमच्या गल्लीत एका घरी तेलुगू, दुसऱ्या घरी कन्नड, आणि कोण कुणाला काय म्हणालं हे विचारल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. आई म्हणायची, या पोरीला नसत्या चौकशा फार. पुढे सर्वेक्षणाच्या कामात याच नसत्या चौकशांवर माझं पोट चाललं. म्हणून नांदेडच्या एका नाल्याकाठच्या वस्तीचा पूर-नकाशा करायचं ठरलं, तेव्हा घरोघर विचारत फिरायचं काम मी हात वर करून मागून घेतलं.

हा नाला गोदावरीला जाऊन मिळतो. नदी फुगली की नाल्याचं पाणी पुढे सरकत नाही, मागे फिरतं आणि वस्तीत शिरतं. मागच्या मोठ्या पुरात ते कुठवर चढलं होतं हे कुठल्याच कागदावर नव्हतं. भिंतींवर खूण सापडेल म्हणावं, तर दर दिवाळीला रंग मारून लोकांनी ती पुसलेली. उरली फक्त माणसांची आठवण. मी एक तक्ता तयार केला. पाणी कुठवर आलं होतं, या प्रश्नापुढे चार रकाने, घोटा, गुडघा, कंबर, छाती. गुडघा म्हणजे दीड फूट, कंबर म्हणजे तीन, असा हिशेब मीच ठरवला. लोकांनी फूट-इंच सांगितले नसते, पण गुडघा सगळ्यांना सांगता येतो. लातूरच्या बैठकीत या तक्त्याचं फार कौतुक झालं, आणि खोटं कशाला बोलू, मी हवेत होते.

नकाशा तयार झाल्यावर आम्ही तो त्याच वस्तीतल्या बुद्धविहारात भिंतीवर लावून लोकांना समजावून सांगितला. सगळं ऐकून झाल्यावर पुढच्या रांगेतल्या एक बाई उठल्या. किनवटकडच्या मुलींच्या वसतिगृहात अधीक्षिका म्हणून आयुष्य काढून त्या नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. नोकरीभर सरकारी खोल्यांत राहिल्या, आता याच वस्तीत वडिलांच्या जागेवर त्यांचं पहिलं स्वतःचं घर उभं राहत होतं. पाया भरून झाला होता. त्यांनी एकच गोष्ट विचारली, घराचं जोतं रस्त्यापासून किती उंच घेऊ. त्यांच्या गल्लीत सगळ्यांनी गुडघा सांगितला होता. मी दीड फुटात वर एक फूट मिळवून म्हणाले, अडीच फूट घ्या आणि निर्धास्त राहा. त्यांनी माझ्याकडून ते संस्थेच्या कागदावर लिहून घेतलं. नांदेडचं काम माझ्याकडे असल्यामुळे शिक्का पर्समध्येच होता. तोही मारून दिला.

दोन आठवड्यांनी त्याच बाजूला काही काम होतं, म्हणून सहज वळले. आपण सांगितलेलं कुणीतरी खरोखर बांधतंय, हे बघायची उत्सुकता होती. जोत्याच्या भिंती अडीच फुटांवर आल्या होत्या आणि आत मुरूम भरणं चालू होतं. बाई मिस्त्रीला घेऊन वाळू बघायला गेल्या होत्या. समोरच्या घराच्या ओट्यावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. सर्वेक्षणात त्यांनी मला गुडघा सांगितला होता. वेळ होता, म्हणून मी त्यांच्याशी पुराच्या गप्पा काढल्या. रात्र होती की दिवस, आधी आवाज आला की आधी पाणी दिसलं, असं काहीबाही विचारत राहिले. तक्त्यात या प्रश्नांना जागा नव्हती, पण मला ते कधीपासून विचारायचे होते. मग विचारलं, पाणी गुडघ्याला लागलं तेव्हा तुम्ही नेमके कुठे उभे होतात?

"हितंच की, वट्यावर. पान्यात खाली कोन उतरंल बाई?"

 पर्समधून टेप काढला आणि रस्त्यापासून ओटा मोजला. दोन फूट. वटा तेव्हापासून हाच आहे का, म्हणून विचारलं. हाव, हाच, म्हणाले. म्हणजे रस्त्यावर पाणी साडेतीन फूट होतं. शेजारच्या दोन घरी जाऊन विचारलं. एका घरची सगळी ओट्यावर उभी होती. दुसऱ्या घराला ओटाच नव्हता, तिथली बाई पोरांना घेऊन खाटेवर उभी होती, आणि गुडघा तिने खाटेवरून सांगितला होता. पूर आल्यावर माणूस उंच जागा धरतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. आम्ही मात्र नकाशावर उंची रस्त्यापासून मोजतो, म्हणून सगळं गावही रस्त्यावर उभं असणार असं मी धरून चालले होते. एकाही घरी मी विचारलं नव्हतं की पाय कशावर होते. मला फार लाज वाटली.

तिथूनच अध्यक्षांना फोन लावला. ते शांत माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, नकाशा महापालिकेला दिलेला आहे, घाईने काही बोलू नका, पुढच्या बैठकीत विषय ठेवू, तोवर थांबा. त्यांचंही चूक नव्हतं. एक आकडा मागे घेतला की लोक बाकीच्या आकड्यांवरही शंका घेतात. पण पुढची बैठक तीन आठवड्यांनी होती, आणि मुरूम भरणारे गडी सांगत होते की जोत्यावर काँक्रीटचा पट्टा दुसऱ्या दिवशी सकाळीच पडणार; तो पडला की उंची कायमची ठरते.

बाई आल्या तेव्हा मी त्यांना रस्त्यातच गाठून सांगितलं. आडवळणं न घेता सांगितलं की मी चुकले, या उंचीवर पूर आला तर तुमच्या घरात फूटभर पाणी शिरेल, जोतं आणखी दोन फूट तरी वर घ्यावं लागेल. त्या ओरडतील म्हणून मी तयारीत होते. त्यांनी जवळ जाऊन जोत्याची भिंत वितीने मोजली. मिस्त्री मात्र चिडला, म्हणाला, ह्या म्याडम आज एक सांगून राहिल्या, उद्या दुसरंच सांगतील.

बाईंनी त्याला हातानेच थांबवलं. "त्या दिवशी लिहून दिलं, तसं हेबी लिहून द्या. शिक्क्यासकट. काय चुकलं तेबी लिहा."

अध्यक्षांचं 'थांबा' माझ्या कानात होतं. सिमेंटच्या पोत्यांवर कागद ठेवून मी लिहिलं की आधी दिलेली उंची चुकीची आहे, लोक ओट्यावर किंवा खाटेवर उभे होते हे आम्ही विचारलं नाही, या गल्लीत पाणी साडेतीन फूट आलं होतं. खाली सही केली, शिक्का मारला. त्यांनी तो कागद दोनदा वाचला, वसतिगृहात मुलींचे अर्ज वाचत असतील तसा, ओळीवर बोट ठेवून. मग मिस्त्रीला म्हणाल्या, उद्याचा पट्टा नको, आधी भिंती चढव. तो मान हलवत मुरुमाच्या ढिगाकडे गेला.

मला वाटलं, सुटले. पर्स उचलली.

"थांबा," बाई म्हणाल्या. "आनखी तीन लिहा. गल्लीत तीन जोती चालू हायत. त्यांनी माझंच बघून अडीच फूट घेतलंय."

मी परत पोत्यापाशी बसले. आमच्या संस्थेचे सगळे अहवाल आजवर आम्हीच लिहिले आणि आम्हीच वाचले. लोकांनी मागून घेतलेला पहिला कागद चुकीचा निघाला होता, आणि आता मागत होते त्यात आम्ही कुठे चुकलो तेच लिहायचं होतं.