गाडीखालचा आवाज

अंधेरीतला तो वेल्डर गाडीखाली शिरला की बोलका व्हायचा. बाहेर आला की काहीही विचारा, नुसतं “हं”.

माझ्या जुन्या पेट्रोल ट्रकला डिझेल इंजिन बसवायचं होतं. ते जड, शिवाय हादरे फार. म्हणून तो चासीला लोखंडी पट्ट्या मारून मजबूत करत होता. मला फक्त त्याच्या चपला दिसायच्या. मध्येच खालून आवाज यायचा, “काय रे, आज डब्यात बोंबील का?”

शेवटची पट्टी बसली. मी म्हटलं, “झालं ना? ये बाहेर, चहा घेऊ.”

“झालं रे. थांब ना जरा.”

चपला हलल्या नाहीत. थोड्या वेळाने त्याने विचारलं, “घरी कोण कोण असतं तुझ्या?”

मी चाकाला टेकून बसलो आणि मुद्दाम लांबच्या आत्यापासून सुरुवात केली.