थोरलीचा गळपट्टा

एमआरआयच्या खोलीत तंत्रज्ञ थोरलीचा दरारा असा, की मशीनसुद्धा तिला विचारूनच चालतं, असं बाकीचे म्हणायचे. लहानपणी बापाच्या एका थपडेने तिचा डावा कान गेला होता. "बरंच झालं," ती म्हणायची, "या मशीनचा खडखडाट मला अर्धाच ऐकू येतो." लग्न तिने केलं नाही. जन्मभराचा मार बापानेच देऊन टाकला होता.

मानेतून वर चढणाऱ्या रक्तावर मशीन चुंबकाने खूण करतं आणि ते मेंदूत कुठवर पोचलं, ते दाखवतं. पण घशातल्या हवेमुळे तिथलं चुंबकीय क्षेत्र बिघडतं, खूण नीट बसत नाही आणि रक्त असूनही चित्र काळं येतं. त्यासाठी नवा गळपट्टा आला होता. त्यातल्या तारांच्या वेटोळ्यांत वीज बेताने सोडली की तेवढ्या जागेपुरतं क्षेत्र ताळ्यावर येई.

त्या दुपारी एकजण बायकोला घेऊन आला. "जिन्यावरून पडली," म्हणाला. बाईच्या गळ्यावर बोटांचे निळे वळ होते. जिन्याला बोटं असतात, हे थोरलीला नव्यानेच कळलं.

पट्टा गळ्याशी नेताच बाई किंचाळली. उजव्या हाताने तो हिसकून तिने भिंतीवर भिरकावला. थोरलीचं डोकं सणकलं. तिने पट्ट्याविनाच चित्र काढलं. मेंदूची डावी बाजू काळी आली. "घशातली हवा," ती सवयीने म्हणाली, आणि बाईला बाहेर बसवलं.

तासाभराने डॉक्टरीणबाईंनी चित्र पाहिलं. "पट्टा लावला होता?"

"लावू देईना."

"मग हवाच आहे कशावरून?"

थोरली बाहेर धावली. बाईला तिने जवळजवळ उचलूनच आत आणलं. पुन्हा झटापट झाली, थोरलीचा ओठ फुटला. शेवटी बाईचे दोन्ही हात तिने स्वतःच्या गळ्यावर ठेवले. "आधी माझा दाब. मग मी पट्टा लावते."

बाईने दाबला. सगळ्या संसाराचा राग ओतून दाबला. थोरलीच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले, तरी ती हलली नाही. पण दाबत होता तो फक्त डावा हात. उजवा ओल्या फडक्यासारखा घसरून खाली पडला.

बाई हुंदके देत आडवी झाली. या वेळी पट्टा लागला. मेंदूची उजवी बाजू लख्ख उजळली. डावी काळीच राहिली. हवा नव्हतीच; मानेतली रक्तवाहिनी आतून फाटली होती.

डॉक्टरीणबाई फोनकडे धावल्या. थोरलीने बाईची ट्रॉली बाहेर काढली, तर दारात नवरा आडवा. "पुरे झाली नाटकं. चल घरी!" त्याने बायकोचे केस धरले.

थोरलीच्या पहिल्या ठोशात त्याचं नाक फुटलं, दुसऱ्यात दात पडले. तो कोसळल्यावरही तिची लाथ थांबेना.

तेवढ्यात बाई ट्रॉलीवरून त्याच्याकडे झेपावली. उजवा पाय दुमडला. थोरलीने तिला कमरेत धरलं, तर बाई डाव्या मुठीने तिच्याच तोंडावर मारू लागली. "माझ्या... माणसाला..." जीभ जड झाली होती, पुढचे शब्द फुटेनात.

तो हात थोरलीला सहज धरता आला असता. तिने धरला नाही.

"मार, बाई," ती म्हणाली. "मीच तुला तासभर बाहेर बसवलं. मार." आणि तिला पुन्हा ट्रॉलीवर निजवून, मार खात खात ती ट्रॉली ढकलत राहिली.