ईदच्या दुसऱ्या दिवशीची ‘मिसिंग’

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांतले बरेच आज तपशिलानं सांगता यायचे नाहीत. पण इंदापूरची ईदच्या दुसऱ्या दिवशीची ती दुपार डोळ्यांपुढून हलत नाही. निवृत्तीनंतर मी बारामतीला राहतो. कुणी ‘पोलिसांतलं काहीतरी सांगा’ म्हणालं, की मी तीच सांगतो.

सुट्टीचा दिवस होता. ठाणे अंमलदार स्टेशन डायरी लिहीत होते, मी तुंबलेली समन्सं चाळत होतो. तीनच्या सुमारास पस्तिशीचा एक माणूस, त्याची बायको आणि दोन लहान मुली आत आल्या. हे वालचंदनगरचं कुटुंब, तिथं त्यांचं कापडाचं दुकान. सगळे मिळून जवळचा भुईकोट किल्ला बघायला आले होते. मुली बुरुजाकडं पळाल्या म्हणून आईबाप त्यांच्यामागं गेले. त्याची म्हातारी आई खाली चिंचेच्या सावलीत बसली होती. अर्ध्या तासानं हे परतले, तर तिथं कुणीच नाही. वय सत्तरच्या पुढं, जवळ मोबाईल नाही.

किल्ल्यात एक जुनी खोल विहीर आहे. तिचं नाव कुणी काढलं नाही, पण सगळ्यांच्या मनात तीच होती. मिसिंग, म्हणजे माणूस हरवल्याची नोंद, दाखल केली आणि आमच्या जुन्या हवालदारांना, त्यांना आम्ही तात्या म्हणायचो, दोन पोहणाऱ्यांसह किल्ल्यावर पाठवलं.

म्हातारीच्या मुलाला समोर बसवलं.

“घरात काही वादावादी झाली होती?”

“न्हाय साहेब.”

“आई कुणावर रागावली होती?”

“न्हाय.”

ज्याचं माणूस हरवलेलं असतं, तो दाराशी पाऊल वाजलं की मान वर करतो. हा फरशीकडं बघत होता. मला ते खटकलं. काहीतरी दडवतोय, हे नक्की झालं, आणि खरं सांगायचं तर ह्यानंच आईचं काही बरंवाईट केलं असावं, असं मला वाटायला लागलं.

चारच्या आसपास तात्यांचा फोन आला. “साहेब, विहिरीत काय न्हाय. पन फाटकाजवळ रसाचं गुऱ्हाळ हाय, तितली बाई म्हंती, पांढऱ्या ओढणीची म्हातारी वडापच्या, शिटा भरनाऱ्या जीपमधी बसली. हातात फडक्यात बांधलेला डबा हुता. जीप भिगवणकडं गेली.”

मी मुलाला सांगितलं. तो लगेच म्हणाला, “ती आमची अम्मी नसंल. तिकडं आमचं कुणीच न्हाय.”

नकार फार लवकर आला. एवढ्या घाईनं नकार देणाऱ्याला उत्तर माहीत असतं, हा माझा नोकरीतला अनुभव.

त्याला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि बायकोचा जबाब महिला कॉन्स्टेबलसमोर वेगळा घ्यायला लागलो. तिच्या पायाशी जेवणाची पिशवी होती. सकाळपासून कुणी घास खाल्ला नव्हता. पिशवीत चार कप्प्यांचा डबा होता, पण कप्पे तीनच दिसले.

“चौथा कुठं आहे?”

तिनं पिशवी उपसून पाहिली. “शीरखुर्म्याचा हुता. न्हाय साहेब.” मग हळूच म्हणाली, “दोन वाट्यापन न्हाईत.”

रागानं घर सोडणारा माणूस दोन वाट्या घेऊन जात नाही. मी तिला विचारलं, “सासूबाई गोडधोड कुणासाठी नेतील?”

तिनं दाराकडं पाहिलं. “ह्यांनाच इचारा. मला बोलायला बंदी हाय.”

मुलाला आत बोलावून मी एवढंच म्हणालो, “दुसरी वाटी कुणाची?”

त्याचा चेहरा पडला. मग बोलायला लागला. भिगवणच्या वाटेवर डाळजला त्याची खाला होती, आईची सख्खी धाकटी बहीण. त्याच्यासाठी तिची मुलगी मागितली होती. मुलीनं नको म्हटलं. हा चिडला आणि आपल्या घरातलं कुणी त्या उंबऱ्यावर पाऊल टाकणार नाही, अशी त्यानं सगळ्यांसमोर शपथ घातली. त्याचं लग्न दुसरीकडं झालं, मुली झाल्या. म्हातारीनं अकरा वर्षं ती शपथ पाळली.

“खालाची नजर गेली, असं काल ईदला कुणीतरी सांगितलं,” तो म्हणाला. “अम्मी मला काय बोलली न्हाय. फकस्त म्हणाली, उद्या पोरींना किल्ला दावू.”

सगळ्यांना आणि किल्ल्यावरून परतलेल्या तात्यांना पोलीस जीपमध्ये घेऊन आम्ही डाळज गाठलं. उसाच्या कडेला दोन खोल्यांचं घर. अंगणात बाजेवर दोघी बहिणी एकमेकींचा हात धरून बसल्या होत्या. मला बघून थोरली उठली.

“साहेब, माझा गुन्हा झाला का?”

“नाही. जाणतं माणूस आपल्या मर्जीनं बहिणीकडं गेलं, त्यात गुन्हा कसला?”

“इचारलं असतं तर येऊ दिलं नसतं. म्हणून न सांगता आले.”

मुलगा अंगणाबाहेरच थांबला होता. धाकटीनं बाहेरच्या चाहुलीच्या दिशेनं मान वळवली. “आनी कोण हाय?”

बाहेरूनच तो म्हणाला, “मी हाय, खाला.”

मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार ह्याला. पण ती म्हणाली, “पोरी आल्यात का संगं? आन हितं. हात लावून बघू दे.”

त्यानं चपला काढल्या. मुलींना पुढं केलं आणि स्वतः बाजेजवळ जमिनीवर बसला. तात्या मला म्हणाले, “साहेब, चला, जबाब जरा उशिरा घिऊ.” आम्ही रस्त्यावर जाऊन उभे राहिलो. पलीकडं उजनीच्या पाण्यावर ऊन उतरत होतं. तासभर कुणी आम्हाला बोलावलं नाही आणि आम्हीही गेलो नाही. नंतर मी म्हातारीचा जबाब लिहिला, तिनं अंगठा उमटवला, प्रकरण बंद झालं.

मी त्या मुलावर नको तो संशय घेतला होता. त्याची लाज मला गुन्हा वाटली. दोन्हींत माणूस मान खाली घालतो, हे मी तोवर शिकलो नव्हतो.

मिसिंगच्या नोंदीत उंची, बांधा, कपडे, शेवटचं कुठं दिसलं हे सगळं विचारतात. त्या दिवसानंतर निवृत्त होईपर्यंत मी एक प्रश्न जास्तीचा विचारत आलो: त्यांना कुणाला भेटावंसं वाटत होतं? घरच्यांना बहुतेक वेळा उत्तर ठाऊक असतं. त्यांना सांगायला थोडा वेळ द्यावा लागतो, एवढंच.