हॉलंडला न उगवलेलं भात

पन्नास सालानंतर काही वर्षं मी पनवेलजवळच्या एका सरकारी केंद्रात टायपिस्ट होते. खाडीलगतच्या खाऱ्या जमिनीत कोणतं भात तग धरतं, याचा तिथे अभ्यास चाले. आमच्या साहेबांनी त्यावर एक निबंध लिहिला आणि तो वाचून हॉलंडच्या एका शास्त्रज्ञाने बी मागवलं. त्याचाही देश समुद्राला बांध घालून वसलेला, म्हणून साहेबांना तो अगदी शेजारचा वाटे.

बियांचं पार्सल कस्टमने अडवलं, औषधाची धुरी दिली, मग ते महिनोन्‌महिने फिरत राहिलं. शेवटी उत्तर आलं: खाऱ्या मातीत एकही दाणा उगवला नाही, निष्कर्ष पुन्हा तपासावेत. म्हणजे गोड शब्दांत, तुम्ही थापा मारता. साहेबांचा चेहरा पडला. धुरीने बी मेलं असेल म्हणून त्यांनी पुन्हा पाठवलं, तर पुन्हा तेच. साहेबांचं जेवणात लक्ष लागेना, आणि मला त्या न पाहिलेल्या माणसाचा भयंकर राग आला.

पुढच्या पावसाळ्यात तो माणूसच बोटीने कुठेसा जाताना मुंबईत उतरला आणि आमच्याकडे आला. उंच, लाजरा, सारखा घाम पुसणारा. माझा निम्मा राग तिथेच गेला. शेतावर पेरणी चालली होती. बाया टोपलीतलं मोड आलेलं भात चिखलावर फेकत होत्या. तो थबकला.

"हे काय चाललंय?"

"पेरणी," साहेब म्हणाले.

"पण हे तर आधीच उगवलंय!"

आमच्याकडे खाऱ्या शेतासाठी भात भिजवून, पेंढ्याखाली दाबून मोड आणतात. त्याला रहू म्हणतात. पाहुण्याचं आश्चर्य मी एका बाईला मराठीत सांगितलं, तर ती हसत सुटली. "कोरडा बी टाकतंय कोन? मरंल नाय का?" साहेबांच्या निबंधात नुसतं 'पेरलं' एवढंच होतं. भात शिजवताना पाणी घाला, असं कोणी कोणाला लिहून कळवतं का?

साहेबांचा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी पाहुण्याला बांधाआडचा एक तुकडा दाखवला. पाहुण्याच्याच एका छापील निबंधातल्या पद्धतीने त्यातलं मीठ धुऊन काढायचं चाललं होतं, पण रोपं दरवर्षी करपत. तो मातीत हात घालून बराच वेळ बसला.

"मीही काहीतरी लिहायचं विसरलोय," तो म्हणाला. "पण काय, ते मला सुचणार नाही. तुम्हीच आमच्याकडे येऊन बघा."

साहेबांनी हॉलंडला जाण्यासाठी सरकारकडे अर्ज केला. मी तो इतक्या हौसेने टाइप केला की जणू मीच निघाले होते. वर्षभराने उत्तर आलं. परकीय चलन मिळणार नाही, हवी ती माहिती पत्राने मागवावी.

मी मशीनवर कोरा कागद चढवला. साहेब समोर येऊन बसले.

"बाई," ते म्हणाले, "विचारू तरी काय?"