वाट बांधणाऱ्या हिराबाई

हिराबाईंनी पहिल्या भेटीत माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. तावली डोंगराच्या पायथ्याशी, बदलापूरहून रिक्षाने अर्ध्या तासावर, त्यांची वाडी. त्यांच्या अंगणात आम्ही सातआठ जण नव्या बुटांत उभे होतो. त्या सरळ माझ्यासमोर येऊन उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, "काढ."

मी बूट काढला. त्यांनी तो उलटा केला, तळावर अंगठा दाबला, वाकवून पाहिला आणि परत दिला. "हा बाजारात चालंल."

बत्तीस वर्षं उल्हासनगरच्या शाळेत मी इंग्रजी शिकवलं. इतक्या थोड्या शब्दांत मला कोणी नापास केलं नव्हतं. पुढच्या रविवारी मी दुसरे बूट घेऊन गेले.

रेवा, ईशान, डिसेंबरात तुम्ही आलात की आजोबा तुम्हाला डोंगरावर नेतील. हिराबाई मात्र भेटणार नाहीत. गेल्या वर्षी भात लावून झालं आणि आठ दिवसांच्या तापात त्या गेल्या. म्हणून त्या कशा होत्या ते लिहून ठेवते. एखादा शब्द अडला तर आईला विचारा, पण आधी दोनदा वाचून बघा.

साठीच्या आसपास असतील. नेमकं वय त्यांनाही ठाऊक नव्हतं. बारीक, काळ्यासावळ्या, गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं, कमरेला कोयता. लहानपणापासून त्या या रानात लाकडाला, गवताला, रानभाजीला जात. आठेक वर्षांपूर्वी हरीशभाईंनी त्यांना वाट दाखवायला म्हणून गाठलं. हरीशभाई म्हणजे उल्हासनगरचे कापडवाले, दुकान मुलाकडे सोपवून मोकळे झालेले. आमचा रविवारचा चालण्याचा गट त्यांनीच जमवलेला. ते त्यांना मौसी म्हणत. त्या हरीशभाईंना, मला आणि तुमच्या आजोबांना, सगळ्यांनाच 'तू' म्हणत.

मी वहीत डोंगराचा नकाशा काढला होता आणि वाटांना एक, दोन, तीन असे आकडे दिले होते. मोठ्या अभिमानाने त्यांना दाखवला. त्या म्हणाल्या, "आकड्यांनी हाक मारलीस तर वाट ओ देईल कं?" त्यांच्या वाटांना नावं होती. पाण्यावरून, सावलीतून वळसे घेत जाणारी ती 'बायकांची वाट'; डोक्यावर भारा घेऊन उतरता येईल अशी. सरळ कातळावरून चढणारी ती 'बाप्यांची वाट'. हरीशभाईंना दर वेळी तीच हवी असे. हिराबाई म्हणत, "बाप्यांच्या वाटेनं गेलेला लवकर पोचतो. पण पोचल्यावर घटकाभर बोलत नाय."

तरी त्यांनी मला त्या वाटेनंही एकदा नेलं. मध्ये दोन पुरुष उंचीचा कातळ आहे. मी हातांनी एक खोबण घट्ट धरली आणि तिथेच चिकटून राहिले. खालून आवाज आला, "हात सोड गं थोडा. हात भित्रे असतात. पायांना विचार." मी पायांना विचारलं. त्यांनी बरं उत्तर दिलं. अशी त्यांची बरीच वाक्यं माझ्या वहीत आहेत. 'वाट उतरणाऱ्याला विचारावी, चढणाऱ्याला काय म्हाईत?' हे मी तुमच्या आईला तिच्या नोकरीबद्दलही ऐकवलं आहे.

आता ती गोष्ट, जी मला सांगायचीच आहे.

दिवाळीनंतरचा रविवार होता. गवत कमरेइतकं आणि पिवळं. आम्ही बायकांच्या वाटेने निघालो. आजोबा आणि हरीशभाई नेहमीप्रमाणे मागे रेंगाळले. एक पक्ष्यांचे फोटो काढतो, दुसरा त्याला धंद्याच्या गोष्टी सांगतो. एका ठिकाणी वाट फुटते. उजवी वर जाते. डावी जास्त रुंद दिसते, पण ती गवत कापणाऱ्यांची. पुढे करवंदीच्या जाळीत शिरून कड्याशी संपते. हिराबाई बाकीच्यांना घेऊन वळणापलीकडे गेल्या होत्या. माझ्या बुटात खडा गेला म्हणून मी थांबले. तेव्हा डाव्या वाटेच्या तोंडाशी मला एक हिरवी डहाळी आडवी पडलेली दिसली. तिच्यावर दगड.

मला वाटलं, कोणी तोडून टाकली? मागून दोन सत्तरीचे पुरुष गप्पा मारत येताहेत, पाय अडकला तर? मी दगड उचलून कडेला ठेवला, डहाळी झाडाच्या बुंध्याशी सरळ लावली, हात झटकले आणि पुढे गेले.

वर पठारावर आम्ही अर्धा तास थांबलो. ते दोघे येईनात. हिराबाईंनी तोंडाभोवती तळवे धरून लांब कूऽऽ घातली. उत्तर नाही. आजोबांच्या साखरेच्या गोळ्या आणि डबा माझ्या पिशवीत होता. हिराबाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं, पिशवी घेतली आणि उताराला लागल्या. त्या वयाची बाई तशी पळताना मी पाहिली नव्हती.

दोन तासांनी तिघे वाडीत उतरले. आम्ही आधीच येऊन अंगणात बसलो होतो. आजोबा खुशीत होते. हरीशभाईंच्या घरच्या कोकीने, म्हणजे त्यांच्या जाड सिंधी पोळीने, त्यांची साखर सांभाळली होती आणि कड्यावर एक गरुड दिसला होता. हरीशभाईंची पँट करवंदीने गुडघ्यापासून खाली फाटली होती आणि ते संतापले होते.

"मौसी, डहाळी क्यों नहीं डाली?" ते सगळ्यांसमोर म्हणाले. "पाच साल से बघतोय मी. चुकीची वाट तू बांधते, डहाळी आडवी टाकते, वर दगड ठेवते. डहाळी दिसली म्हणजे तिकडे जायचं नाही. आज काहीच नव्हतं. विसरलीस ना?"

मी नेहमी पुढे, वहीत डोकं घातलेली; मागच्यांसाठी त्या अशी खूण टाकतात हे मला माहीतच नव्हतं. त्या क्षणी कळली.

हिराबाई पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "तिथं डहाळी नव्हती, खरं हाय."

"उमर हो गयी मौसी की," हरीशभाई आमच्याकडे वळून म्हणाले. "आता हिच्या भरवशावर नको. पुढच्या वेळी दुसरा कोणी बघू."

मी बोलले नाही. पोरांनो, वर्गात कोणी खिडकीची काच फोडली तर सगळ्यांसमोर उभं राहून कबूल करायला लावणारी तुमची आजी, गप्प बसून बुटाची नाडी बांधत राहिली. रानातली बाई वाट विसरली असं एकदा बोललं गेलं की तिचं काय उरतं, हे मला कळत होतं. तरीही.

बुधवारपर्यंत मी तशीच राहिले. बुधवारी आजोबा म्हणाले, "तीन दिवस झाले, तू मला पेपर नीट घडी घालायला सांगितलं नाहीस. ताप आहे का?" गुरुवारी सकाळी रिक्षा केली आणि एकटी वाडीला गेले.

हिराबाई खळ्यावर भात झोडत होत्या. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं आणि माफी मागितली. त्यांनी हातातली पेंढी झोडून संपवली, बाजूला टाकली आणि म्हणाल्या, "मला म्हाईत हाय."

"कसं?"

"यांना शोधत त्याच फाट्यावरून गेले कं नाय मी. दगड कडेला नीट ठेवलेला. डहाळी झाडाशी उभी, झाडू ठेवतात तशी. गुराचा पाय लागला असता तर इतकी टापटीप ऱ्हाते व्हय?" आणि त्या इतक्या हसल्या की खळ्यावरच्या कोंबड्या पांगल्या.

मला हसू आलं नाही. "मग तुम्ही तिथल्या तिथे का बोलला नाहीत? तुमच्या नावाला बट्टा लागला."

"ते तुझ्या तोंडचं होतं, बाई. मी बोलले असते तर तुला बोलायला काय उरलं असतं?"

"आणि मी आलेच नसते तर?"

"भात झोडून होईस्तोवर वाट पाहिली असती. मग आले असते बदलापूरला. तुझ्या बिल्डिंगखाली उभी राहून बोलले असते, चवथ्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल असं." हेही त्यांनी केलं असतं.

रविवारी मी सगळ्या गटाला त्यांच्याच अंगणात आणलं आणि उभं राहून सांगितलं: डहाळी हिराबाईंनी टाकली होती, मी काढली, आणि त्यांना बोल लागला तेव्हा मी गप्प बसले. मग हरीशभाई टोपी काढून पुढे झाले. "मौसी, मला माफ…"

"आत्ता नको," हिराबाई म्हणाल्या. "चढायचं हाय. दम वाचव. उतरल्यावर माग."

आणि त्या पुढे चालू लागल्या. आम्ही सगळे त्यांच्या मागे, कोणती वाट ते न विचारता.

दुपारी खाली उतरलो तेव्हा त्या ओट्यावर बसल्या, पदराने मान पुसली आणि हरीशभाईंना म्हणाल्या, "हां. आता माग." हरीशभाईंनी हात जोडून, मान खाली घालून, नीट माफी मागितली. त्यांनी ती नीट ऐकून घेतली. मग माझ्याकडे वळल्या.

"माझी झाली की गुरुवारी," मी म्हणाले.

"ती माझ्याजवळ. कड्याशी हे दोघं बसले होते. यांची कुठं मागितलीस?"

हरीशभाईंची मागणं सोपं होतं, ती लगेच मागितली. पण तुमच्या आजोबांची? बेचाळीस वर्षांच्या संसारात तसा प्रसंग मी येऊच दिला नव्हता. सगळा गट बघत होता. मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि म्हणाले, "माझं चुकलं. मला माफ करा."

आजोबांनी कानाला तळवा लावला. "जरा मोठ्याने," ते म्हणाले. "या बाजूने मला कमी ऐकू येतं."

"मोठ्यानं बोल गं," हिराबाई ओट्यावरून म्हणाल्या. "म्हातारा एवढा वेळ थांबलाय."

मी मोठ्याने बोलले.