डॉसवाल्या उमाक्का

त्या पत्रातली शेवटची ओळ माझी होती, हे आधीच सांगून टाकते. 'एका महिन्यात उत्तर न आल्यास आपण डॉस वापरत नाही असे समजण्यात येईल.' रेणुकादास सरांनी मसुदा वाचला आणि म्हणाले, "विनीता, हे जरा जास्त होत नाही का?" मी म्हटलं, "सर, धाक दाखवल्याशिवाय आपल्याकडं कुणी पोस्टाचं तिकीट चिकटवत नाही." सरांनी सही केली आणि पत्रं गेली.

रेणुकादास सर लातूरला तंत्रनिकेतनात शिकवायचे. ब्याण्णव साली त्यांनी मराठी मजकूर टाइप करायचा एक प्रोग्राम स्वतः लिहिला. त्याचं नाव 'पाटी'. तेव्हा संगणक डॉसवर चालायचे. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं, माउसची भानगड नाही. पुढं विंडोज आलं. सरांनी पाटी विंडोजसाठीही लिहिली आणि तेव्हापासून प्रत्येक दुरुस्ती दोनदा करायचं लचांड मागं लागलं. विंडोजमधली वेलांटी सुधारली की डॉसमधली सुधारायची. डॉसमधली सुधारली की रफार रुसायचा. सर नोकरी सोडून हेच करत बसले होते आणि फोन उचलायला मी होते. दोन हजार तीन साली मीच म्हटलं, "बंद करा ते डॉस. कोण वापरून राहिलंय आता?"

ते बघायला डॉसच्या जुन्या ग्राहकांना सदतीस पत्रं पाठवली होती. छत्तीस उत्तरं आली. सगळ्यांनी डॉस कधीच सोडलं होतं, तरी लिहिलं मात्र सगळ्यांनी. अर्धापूरच्या केळीच्या संस्थेतून किशनरावांनी कळवलं, की आमचा डॉसचा संगणक तीन वर्षांपासून बंद असून त्यावर गणपतीचा फोटो ठेवला आहे, आपण सहकुटुंब यावे, केळी घेऊन जावे. हिमायतनगरच्या एका गृहस्थांनी लिहिलं, संगणक आहे, पण त्या खोलीची चावी मेहुण्याकडं आहे आणि मेहुण्याशी सध्या बोलणं नाही.

सदतिसावं उत्तर आलं नाही. ते रेणापूरच्या उमादेवी स्वामींकडून यायचं होतं. ठरल्याप्रमाणं मी त्यांच्या नावावर फुली मारली. पाटीची पाचवी आवृत्ती निघाली ती फक्त विंडोजची.

पंधरा दिवसांनी फोन वाजला.

"मी उमादेवी बोलून राहिले, रेणापूरहून. क्लासवाल्या सरांनी फ्लॉपी पाठवली, ती काही उघडंना झाली."

"तुमच्याकडं कोणती पाटी आहे?"

"काळी."

"डॉस? अहो बाई, पत्र मिळालं नव्हतं का तुम्हाला?"

"मिळालं की. लई छान होतं."

"मग उत्तर का नाही दिलं?"

"माझं सगळं नीट चालू होतं. नीट चालू हाय म्हणून कुणी पत्र लिहितं व्हय?"

मी फोन ठेवला आणि आधी स्वतःला चार शिव्या घातल्या. जे सोडून गेले त्यांनी आभार मानायला पत्रं लिहिली आणि जी एकटी राहिली होती तिला तक्रार नव्हती, म्हणून ती गप्प. मराठवाड्यात जन्म काढूनही हे माझ्या लक्षात येऊ नये?

उमादेवी मूळच्या निलंग्याकडच्या, तिकडं बोलण्यात कानडी मिसळलेली, म्हणून सगळे त्यांना उमाक्का म्हणायचे. रेणापूरच्या शाळेत त्या कारकून होत्या. लग्न केलं नाही. का, असं विचारलं की सांगायच्या, "टायपिंगची परीक्षा आणि बघायचा कार्यक्रम एकाच दिवशी आला. मी परीक्षेला गेले." शाळेतून निवृत्त व्हायच्या आधीच त्यांना महादेवप्पा सरांच्या दहावीच्या क्लासचं टायपिंग मिळालं होतं. लातुरात तेव्हा क्लासचं असं पेव फुटलं होतं, की गाळा रिकामा झाला की चपलांचं दुकान येईल का क्लास, यावर लोक पैजा लावायचे आणि क्लासच यायचा. दर रविवारी चाचणी, दर चाचणीला नवा प्रश्नसंच. महादेवप्पा सरांचं अक्षर त्यांच्या घरच्यांनाही लागत नव्हतं, अक्कांना लागायचं. सकाळच्या एसटीनं ड्रायव्हरजवळ कागद यायचे, संध्याकाळच्या एसटीनं फ्लॉपी जायची. वर चिठ्ठी असायची, 'प्रश्न सातमध्ये ब आणि ड एकच हायेत. पोरांनी खूण कुठं करावी?'

आता क्लासची सगळी मशिनं नव्या पाटीवर गेली होती. नव्या पाटीत जुनी फाइल उघडायची, पण एकदा नव्यात साठवली की ती पुन्हा जुन्यात उघडायची नाही. महादेवप्पा सर दुरुस्त्या करून फ्लॉपी रेणापूरला परत पाठवायचे आणि अक्कांचं मशीन नुसतं टुँक करायचं. महादेवप्पा माणूस वाईट नव्हते. त्यांनी सरळ सांगितलं, "अक्का, सोमवारपासून नव्यात द्या. न्हाई जमलं तर मला दुसरं माणूस बघावं लागंल."

दुसऱ्या दिवशी अक्का आमच्या ऑफिसात हजर. काखेत पिशवी, दोन्ही हातांत चादरीत गुंडाळलेला संगणकाचा डबा. एसटीत कंडक्टरनं डब्याचं अर्धं तिकीट फाडलं आणि मांडीवर घ्यायला सांगितलं, हे त्यांनी आल्या आल्या सांगितलं. तक्रार म्हणून नाही, नियम म्हणून.

पाणी पिऊन झाल्यावर म्हणाल्या, "विनीता, हे काम गेलं तर मी दिवसभर काय करू गं? सकाळची एसटी माझ्यासाठी कागद घेऊन येते, म्हणून मी उठते. शिकव मला हे नवं."

मी त्यांना विंडोजसमोर बसवलं. त्यांनी खुर्ची कागदाकडं वळवली, पडद्याकडं पाठ म्हणावी इतकी, आणि सुरू झाल्या. बोटं काय चालायची बाईंची! मी चहा करून आणेपर्यंत 'प्रकाशाचे परावर्तन' दोन पानं झालं होतं. पडद्यावर मात्र अडीच ओळी. तिसऱ्या ओळीत कुठंतरी चुकीची कळ दाबली गेली होती, मध्ये एक चौकट उघडली होती आणि पुढची दोन पानं त्या चौकटीनं गिळली होती. मशीन दर अक्षराला टुँक करत होतं. अक्कांना वाटलं, नव्याची पद्धतच असेल.

दुसऱ्यांदाही तेच झालं. तिसऱ्यांदा चौकटीनं फाइलच बंद केली. माझा पारा चढला. "अहो अक्का, जरा पडद्याकडं बघा ना! मान वळवायला काय होतंय तुम्हाला?"

अक्का थांबल्या. सर आतल्या खोलीतून बाहेर आले.

"रेणुकादासला ठाऊक हाय," अक्का म्हणाल्या. "किल्लारीचा भूकंप झाला, तवा ह्यानं आपले दोन संगणक औशाच्या मदत केंद्रात नेऊन मांडले. मी टायपिस्ट म्हणून गेले. ह्यानं मला एका दुपारी पाटी शिकवली आणि गेलेल्या माणसांची यादी हातात दिली. नाव, वय, गाव. पहिल्या दिवशी मी कागदावर वाचायची, टाइप करायची आणि पडद्यावर परत तेच नाव दिसायचं. एक माणूस दोनदा गेल्यासारखं. दुसऱ्या दिवशी माझ्या बहिणीच्या गावाचे कागद आले. मी खुर्ची वळवली. एकदा कागदावर वाचलं तेवढं पुरं. तवापासून माझी मान तिकडं वळत न्हाई गं. मी काय मुद्दाम करून राहिले?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी माफी मागितली. अक्का म्हणाल्या, "तुला काय माहीत?"

सर म्हणाले, "अक्का, डॉस बंद नाही होणार. तुमच्यापुरतं मी चालू ठेवतो."

"मी एकटी ते घेऊन काय करू? क्लास तर नव्यावर गेला." त्यांचं बरोबर होतं. अक्कांनी आपल्या डब्याभोवतीची चादर सारखी केली. मग म्हणाल्या, "माझ्या जुन्या फायली ह्या नव्यात उघडतात का?"

"उघडतात ना. कोणती उघडू?"

"त्र्याण्णवची. ती यादी."

सरांनी डबा जोडला, फाइल फ्लॉपीवर घेऊन वायर काढली, मग फाइल विंडोजवर आणली. यादी उघडली. अक्कांनी खुर्चीचा हात धरला, आधी खुर्ची वळवली, मग मान. घामाघूम झाल्या होत्या. मी माउस धरला आणि त्या मोठ्यानं वाचायला लागल्या, पहिल्या क्रमांकापासून. नाव, वय, गाव. वाचून झालं की म्हणायच्या, "पुढं." मला रडू आवरत नव्हतं, पण हात माउसवर ठेवणं भाग होतं.

एकशे बारावर त्या थांबल्या. "रुद्राणी," म्हणाल्या. "वय त्रेचाळीस." मग पुन्हा वाचलं. "त्रेचाळीस कसं? माझ्याहून पंधरा वर्षांनी धाकटी. चौतीस होतं तिचं."

सर पुढं झाले. "आमच्या नव्या आवृत्तीची चूक असणार, अक्का. जुनी फाइल आणताना आकडे कधीकधी उलटतात." मी सरांकडं बघतच राहिले. पाटीची चूक ह्या माणसानं आयुष्यात कबूल केली नव्हती. ही पहिलीच, आणि तीसुद्धा खोटी.

"जुन्यात दाखव," अक्का म्हणाल्या.

सरांनी टाळाटाळ केली, वायर सापडत नाही म्हणाले. वायर त्यांच्या हातात होती. शेवटी काळा पडदा लागला. एकशे बारा, रुद्राणी, वय त्रेचाळीस.

"माझीच हाय," अक्का म्हणाल्या. "धा वर्षं माझ्या बहिणीचं वय चुकीचं ठेवलं मी. एकदा मान वळवली असती तर दिसलं असतं." आणि मग त्या रडल्या, पदर तोंडाला लावून, चांगल्या मोठ्यानं. सर खिडकीशी जाऊन उभे राहिले.

रडून झाल्यावर त्यांनी डोळे पुसले, विंडोजच्या पडद्यासमोर सरकल्या आणि त्रेचाळीसचे चौतीस केले. साठवायची कळ दाबली. लगेच चौकट आली. मी सवयीनं माउस पुढं केला, तर त्यांनी हातानंच थांबवलं आणि चौकट सबंध वाचली, मोठ्यानं.

"'ही फाइल जुन्या आवृत्तीतली आहे. नव्यात साठवल्यास ती पुन्हा जुन्या आवृत्तीत उघडता येणार नाही. साठवायची का? होय. नाही.'"

"माउस दे इकडं," म्हणाल्या, आणि होय दाबलं.