खळ्यावरचा उतार

काल बंगळुरूच्या गोल्फ मैदानावर शेणखताचा वास आला आणि एवढी नावाजलेली खेळाडू मी, थेट खजुरीच्या आमच्या खळ्यावर पोचले. खळं नुकतं सारवून वाळलेलं, मधोमध मेढ रोवायचं भोक.

आप्पा म्हणाले, "एका टोल्यात भोकात घाल, मग जा बंगळुरूला गोल्फ शिकायला. न्हाई तर तूर बडवायला थांब."

मी चेंडू हलकेच ढकलला. तो भलतीकडेच निघाला, मग वळला आणि रमतगमत भोकात उतरला! वाटलं, काय हा माझा हात!

थोरली अक्का पदरात तोंड लपवून खुदखुदत होती.

"कामून हसायलीस गं?"

ती कानात म्हणाली, "सारवताना उतार मीच ठिवलाय की!"

पुढं पुष्कळ मैदानं खेळले. माझ्या बाजूनं झुकलेलं तेवढं एकच.